हमरापूरची माती, मुंबईची मुले

पेण तालुक्यातील हमरापूर हे पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरचे लहानसे स्थानक. शेजारच्या जोहे गावाप्रमाणेच येथेही घरोघर गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. तयार माल मुंबईला जातो, परदेशीही जातो. आमच्या व्यापारी बांधवांनी या गावाकडे आणखी एका दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते. ती दृष्टी म्हणजे मुलांचा खेळ.

मुंबईत मुलांना अंगण राहिले नाही. त्यामुळे तासावर पैसे घेणारी खेळघरे निघाली. तेथे घसरगुंडी असते, प्लॅस्टिकचे चेंडू असतात. पण मुलाने आपल्या हाताने काही घडवावे, अशी सोय थोड्याच ठिकाणी आढळते. वास्तविक ही सोय सर्वांत स्वस्त आहे. एक खोली, काही पाट, पाण्याची बादली आणि शाडूचे पोते एवढे भांडवल पुरते. शाडूची वस्तू मोडली तर ती भिजवून पुन्हा मळता येते. प्लॅस्टरचे तसे नाही. मूर्तीच करावी असेही नाही. चूल, बोळकी, फळे, होडी, मुलाला सुचेल ते करू द्यावे.

ही कल्पना नवी नव्हे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र उघडले. शंख-शिंपले, बिया, पाने अशी गावात फुकट मिळणारी साधनेच तेथे उपयोगात आणली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही लहान वयात खेळातून शिक्षणावर भर दिला आहे.

धंदा करणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात. माती ओलसर ठेवावी, म्हणजे धूळ उडत नाही. रंग लागलेली माती मुलांना देऊ नये. हात बादलीत धुवावेत, नाहीतर मोरी तुंबते. तयार खेळणी विकायची असल्यास १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तशिल्प आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना मात्र त्यातून सूट आहे.

गणेशोत्सवानंतर कारखान्यांतली घाई ओसरते. त्या दिवसांत हमरापूरचा एखादा कारागीर रविवारी बोलवावा व त्याला योग्य मेहनताना द्यावा. त्याच्या हाताला काम मिळेल, मुलांच्या हाताला माती लागेल आणि खेळघर चालवणाऱ्यालाही चार पैसे सुटतील.