कॉम्प्रेसर बसवताना आधी पाण्याचा विचार

घरच्या गॅरेजसाठी नवा एअर कॉम्प्रेसर घेताना बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात: मोटार किती एचपीची, टाकी किती लिटरची, प्रेशर किती मिळणार. नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरमध्ये मात्र पहिला प्रश्न पाण्याचा असायला हवा. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला पनवेलची खाडी आणि पावसाळ्यात 80 टक्क्यांच्या वर जाणारी आर्द्रता, अशा जागी कॉम्प्रेसर हवेसोबत पाणीही साठवतो. यंत्र कुठे ठेवायचे, पाइप कसा टाकायचा आणि काम संपल्यावर काय करायचे, हे या एका गोष्टीवरून ठरवले पाहिजे.

हिशेब साधा आहे. 30 अंश सेल्सिअसची हवा दर घनमीटरला जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम वाफ धरू शकते. आर्द्रता 80 टक्के असेल, तर प्रत्यक्षात 24 ग्रॅम वाफ असते. गेजवर 8 बार दिसतात तेव्हा हीच हवा नवव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबलेली असते. ती पुन्हा 30 अंशांपर्यंत निवली की तिच्यात साडेतीन ग्रॅमही वाफ मावत नाही आणि उरलेल्या 20 ग्रॅमचे पाणी होते. मिनिटाला 150 लिटर हवा ओढणारा छोटा कॉम्प्रेसर तासभर चालला, तर जवळजवळ पेलाभर पाणी तयार होते. हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी हे प्रमाण बरेच घटते, पण पाणी सुटायचे थांबत नाही.

हे पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि लोखंड आतून गंजवते. बाहेरचा रंग नवा कोरा दिसत असला तरी आत पत्रा पातळ होत जातो. त्यावर कोणी म्हणेल, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना! तो हवाच, पण ठरवलेल्या मर्यादेपलीकडे दाब गेला तरच तो उघडतो. गंजून पातळ झालेली टाकी रोजच्याच दाबाला फुटू शकते, आणि त्या वेळी व्हॉल्व्हला उघडायचे कारणच नसते. 8 बारने भरलेल्या 50 लिटरच्या टाकीत साधारण 50 किलोज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. एक टन वजन 5 मीटर उंच उचलायला एवढी ऊर्जा लागते. कारखान्यातल्या अशा दाबयंत्रणेच्या सुरक्षिततेसाठी 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, 1948 मध्ये स्वतंत्र कलम 31 होते. घरच्या गॅरेजमधली टाकी तपासायला मात्र मालकाशिवाय कोणी नसते.

म्हणून मांडणी करताना टाकीखालच्या ड्रेन कॉकपर्यंत हात सहज पोहोचेल एवढी मोकळी जागा ठेवावी आणि टाकीला कॉककडे किंचित उतार द्यावा. चाके नसतील तर पायांखाली रबरी पॅड घालावेत आणि पंख्याला हवा मिळावी म्हणून यंत्र भिंतीपासून दूर ठेवावे. आवाज दबावा म्हणून ते कपाटात कोंडण्याचा मोह होतो. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजसारख्या जवळजवळ घरांच्या वस्तीत शेजाऱ्यांचा विचार करायलाच हवा, आणि निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. त्यावर खरा उपाय म्हणजे दिवसाच काम करणे. कपाटात कोंडलेले यंत्र तापते आणि तापलेली हवा वाफ धरून ठेवून थेट होजमध्ये नेते. पाणी अडवणारा फिल्टरही याच कारणाने टाकीच्या तोंडाशी लावू नये. काही अंतर धातूच्या पाइपमधून जाऊन हवा निवल्यावर तो लावला, तरच पाणी त्यात अडकते. स्वस्त पडतो म्हणून पीव्हीसी पाइप वापरू नये. दाबाखाली फुटला तर त्याच्या धारदार कपच्या उडतात. विजेसाठी अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट घ्यावा. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरवर ती नीट उचलत नाही आणि जळू शकते.

ऑइल-फ्री कॉम्प्रेसरला ही पाण्याची कटकट नसते, असा एक समज आहे. त्यात तेल नसते हे खरे, पण बाहेरची हवा तोही तीच ओढतो, म्हणून पाणी तेवढेच सुटते. ऑटो ड्रेन बसवला की विसरून चालते, हाही तसाच भ्रम आहे. गंजाच्या कणांनी तो तुंबतो, म्हणून अधूनमधून उघडून पाहावा लागतो. फक्त टायरमध्ये हवा भरणाऱ्याला पाण्याचे काय, हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो, कारण थोड्या ओलाव्याने टायरचे तात्काळ काही बिघडत नाही. पण यंत्र क्वचित वापरले जाते तेव्हाच पाणी आठवडेच्या आठवडे टाकीत पडून राहते, आणि गंजाला तेवढीच फुरसत लागते.

या दिवाळीत घरात कॉम्प्रेसर येणार असेल, तर एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: काम संपले की मेन स्विच बंद करा, दाब उतरू द्या, ड्रेन कॉक उघडून पाणी पूर्ण काढा. टाकीवर गंजाचा फुगा किंवा पाझर दिसला, तर वेल्डिंग करून ती वापरत राहू नका. ती टाकी कायमची बाद करा.