खपली धरायला उशीर का?

मुलांनो, विश्रांतवाडीतल्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळी डोकावलंत तर काय दिसेल? पार्किंगमध्ये मांडलेला क्रिकेटचा डाव, धावताना धप्पकन पडलेला एखादा भिडू आणि फुटलेला गुडघा! नळाखाली पाय धरायचा, रुमाल दाबायचा आणि पुन्हा खेळायला पळायचं. दोन दिवसांत खपली धरते.

पण समजा, तुमच्या संघात एक मित्र असा आहे, की साध्या खरचटण्याची त्याला फारशी भीती नाही. मात्र गुडघा नुसता जड वाटला तरी त्याने लगेच खेळ थांबवायला हवा. रक्ताचा थेंबही दिसत नाही, मग थांबायचं कशाला? हे कोडं सोडवायचं तर आधी रक्त थांबतं कसं ते पाहू या.

बोळा आणि जाळी

रक्तवाहिनी फुटली की आधी ती स्वतः आकसते. मग रक्तातल्या रक्तपट्टिका, म्हणजेच प्लेटलेट्स, तिथे चिकटतात आणि भोकावर बोळा बसवतात. पण हा बोळा कच्चा असतो. तो पक्का करायला फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी लागते.

ही जाळी विणण्यासाठी रक्तातले निरनिराळे घटक एकामागून एक कामाला लागतात. त्यांना फॅक्टर म्हणतात. आग विझवताना माणसं रांगेने बादल्या पुढे देतात ना, तसंच! या घटकांना एक ते तेरा असे रोमन आकडे दिले आहेत. गंमत म्हणजे सहावा आकडा रिकामा आहे. तो वेगळा घटक नाहीच, हे नंतर लक्षात आलं.

रांगेतला आठवा गडी नसला किंवा कमी पडला, तर तो हिमोफिलिया ‘ए’. नववा कमी पडला, तर हिमोफिलिया ‘बी’. जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांमागे एकाला ‘ए’ प्रकार असतो; ‘बी’ त्याहून दुर्मीळ आहे.

खरा धोका आत!

‘टाचणी टोचली तरी अशा मुलाचं सगळं रक्त वाहून जातं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याचं रक्त जोरात वाहत नाही. जास्त वेळ वाहतं, इतकंच. किरकोळ ओरखडा प्लेटलेट्सच्या बोळ्याने बहुधा भागतो. खरा धोका आत असतो, गुडघा, घोटा आणि कोपर या सांध्यांत. आधी तिथे मुंग्या आल्यासारखं किंवा गरम वाटतं, मग सूज येते, मग पाय सरळ होत नाही. एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा असं झालं तर आतली कूर्चा झिजते आणि सांधा कायमचा आखडू शकतो.

आणि नेमकं इथेच चुकतं. ‘सांगितलं तर आई खेळायला पाठवणार नाही’ म्हणून मुलगा गप्प बसतो. संध्याकाळी लंगडताना दिसला की घरचे म्हणतात, “मुरगळला असेल, तेल लावून चोळून देते!” मुलांनो, हिमोफिलियात सुजलेला सांधा कधीही चोळायचा नाही. चोळल्याने रक्तस्राव वाढतो.

मित्रांनी काय करायचं?

● मुका मार लागला तर मित्राला बसवा. पाय उशीवर उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा आणि मोठ्यांना लगेच बोलवा.
● जखम असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. थांबलं की नाही हे बघायला सारखं उचलू नका.
● घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका. पुढे वाकून बसा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा.
● डोक्याला मार लागला तर रक्त दिसो वा न दिसो, थेट रुग्णालय! ओकारी किंवा झोप येण्याची वाट पाहायची नाही.

विषाचंही औषध!

१९३४ साली इंग्लंडमध्ये डॉ. मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी दाखवून दिलं, की घोणस सापाचं विष अगदी पातळ करून जखमेवर लावलं तर हिमोफिलियाच्या रुग्णाचंही रक्त गोठतं. पण हा वरवरचा उपाय; सांध्यापर्यंत तो कसा पोचणार? १९६४ मध्ये अमेरिकेच्या डॉ. ज्युडिथ पूल यांना आढळलं, की गोठवलेला रक्तद्रव हळूहळू वितळवला की तळाशी राहणाऱ्या साक्यात आठवा घटक भरपूर असतो. आता शुद्ध फॅक्टर शिरेतून देता येतो. ‘ए’ प्रकारासाठी एमिसिझुमॅब हे त्वचेखाली टोचायचं औषधही आहे. ते रक्तस्राव होऊ नये म्हणून ठरावीक दिवसांनी देतात.

आईबाबांसाठी

हा आजार संसर्गाने होत नाही. त्याचा दोष बहुधा आईच्या एक्स गुणसूत्रातून मुलाकडे येतो. पण सुमारे एक तृतीयांश घरांत आधी कुणालाच तो नसतो. म्हणून आईला बोल लावू नये. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगटांच्या अभ्यासासाठी सुरू झाली. आज तिथे हिमोफिलियाच्या आणि वाहक स्त्रियांच्याही तपासण्या होतात.

मुलींनाही रक्त न थांबण्याचा त्रास असू शकतो. पाळीत फार रक्त जात असेल, अंगावर उगाच काळेनिळे डाग उठत असतील, तर ‘होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने देऊ नका. दंडात इंजेक्शन घेण्यापूर्वी आणि दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना आजार सांगा. रात्री-अपरात्री कुठे जायचं, तिथे फॅक्टर मिळतो का, हे आधीच विचारून ठेवा. विश्रांतवाडीकरांनी तर पालखीच्या दिवशी आळंदी रस्ता बंद असताना कुठून जायचं, हेही ठरवून ठेवावं! शाळेत वर्गशिक्षकांकडे आजाराचं नाव, प्रकार आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, हेही माहीत असावं.

मग खेळायचं नाही का? खेळायचं तर! पोहण्याने स्नायू बळकट होतात आणि बळकट स्नायू सांध्यांना सांभाळतात. कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग मात्र नको. बाकीचं डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दरवर्षी १७ एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिन असतो. पण मित्राला मदत करायला त्या दिवसाची वाट कशाला पाहायची? तो “आज गुडघा जड वाटतोय” म्हणाला, तर त्याला ‘रडका’ म्हणू नका. त्याला स्कोअर लिहायला बसवा, आईला बोलवा आणि त्याची बॅटिंग उद्यासाठी राखून ठेवा!