वाटीभर खाऊ, चमचाभर चिया

चिया पुडिंग मोठ्यांमध्ये लोकप्रिय झालं ते मुख्यतः एका गुणामुळे: थोडं खाल्लं तरी पोट बराच वेळ भरलेलं राहतं. वजन उतरवायचं असलेल्या माणसाला याहून काय हवं? पण हाच गुण दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अडचणीचा ठरतो. मुलाचं पोट लहान असतं आणि गरज मोठी असते. पहिल्या तीन वर्षांत मुलाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे मोठ्यांच्या पुडिंगचं माप अर्धं करून मुलासमोर ठेवणं पुरेसं नाही, त्याची मांडणीच बदलावी लागते. मुलांच्या वाटीत दूध, दही आणि फळ हे खरं अन्न असावं, आणि चियाने ते बांधून धरण्याचं काम करावं. एवढं पाळलं तर आदल्या रात्री करून ठेवता येणारा हा खाऊ सकाळच्या घाईत फार कामाचा आहे.

चिया ही मूळची मेक्सिको आणि ग्वाटेमालाची वनस्पती, तुळशीच्या कुळातली. स्पॅनिश येण्याआधी ॲझ्टेक राज्यात मका आणि घेवड्याच्या जोडीने ती रोजच्या आहारात होती आणि कर म्हणूनही वसूल केली जात होती. मेक्सिकोत आजही लिंबाच्या सरबतात चिया घालून पितात. भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या पिकाला चालना दिली आणि आता वाशीम जिल्ह्यातले शेतकरीही रब्बीत चिया घेतात. बीच्या सालीत विद्राव्य तंतू असतात. ओलावा मिळाला की ते बाहेर येतात आणि बीभोवती चिकट, पारदर्शक थर तयार होतो. ही बी स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी धरून ठेवते, म्हणूनच दूध न आटवता, न शिजवता घट्ट होतं. पुडिंगची सगळी करामत एवढीच आहे.

आता माप पाहू. मोठ्यांसाठीच्या बहुतेक कृतींमध्ये एक कप दुधाला तीन मोठे चमचे चिया सांगितलेलं असतं, म्हणजे साधारण ३५ ग्रॅम. चियात वजनाच्या एक तृतीयांश तंतू असतात, तेव्हा त्या कपात १२ ग्रॅम तंतू झाले. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी अमेरिकेत ठरवलेलं दिवसभराचं प्रमाण १९ ग्रॅम आहे. एकाच पदार्थातून त्यातला निम्म्याहून जास्त भाग पोटात गेला, तर पोळी, वरण, भाजी यांना जागा उरत नाही. शिवाय पाणी कमी पिणाऱ्या मुलात एवढे तंतू बद्धकोष्ठता घालवण्याऐवजी वाढवू शकतात. म्हणून एका मुलाला एका वेळी एक छोटा चमचा चिया पुरे. चहाच्या चमच्याने सपाट मोजला की तो सुमारे ४ ग्रॅम भरतो. सुरुवात पाव चमच्यापासून करावी, आणि माझ्या मते पहिल्या वाढदिवसानंतरच. त्याआधी बाळाला याची काहीच गरज नसते. ज्या मुलाचं वजन वयाच्या मानाने कमी आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोट भरणारी कोणतीच वस्तू रोजच्या आहारात वाढवू नये.

मग त्या एका चमच्यातून मिळतं तरी काय? प्रथिनं पाऊण ग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम २५ मिलिग्रॅम. त्याच वाटीतल्या शंभर मिलिलिटर दुधात कॅल्शियम याच्या चार-पाच पट असतं. चियाचं खरं देणं वेगळं आहे, ते म्हणजे अल्फा लिनोलेनिक आम्ल, वनस्पतीत मिळणारं ओमेगा-३. एका चमच्यात ते साधारण ०.७ ग्रॅम असतं आणि तीन वर्षांपर्यंतच्या मुलाची दिवसाची शिफारसही तेवढीच आहे. मासे न खाणाऱ्या घरात हे मोलाचं आहे. मात्र माशांतून थेट मिळणारं डीएचए आणि हे एक नाही. शरीर याचं डीएचए करतं, पण फारच थोड्या प्रमाणात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रजोनिवृत्त स्त्रियांना दहा आठवडे रोज २५ ग्रॅम चिया दिलं गेलं, काहींना अख्खं, काहींना दळलेलं. दळलेलं घेणाऱ्यांच्या रक्तात हे आम्ल निम्म्याहून जास्त वाढलं. अख्ख्या बिया घेणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. अभ्यास मुलांवरचा नाही, हे खरं. पण मूल चावायला नुकतंच शिकत असतं, तेव्हा अख्खी बी जशीच्या तशी बाहेर पडण्याची शक्यता त्याच्यात मोठ्यांपेक्षा जास्तच. चिया दळूनच घ्यावं असं मी म्हणते, ते यासाठी.

दळलेल्या चियाने पुडिंगचा पोतही सुधारतो. पुष्कळ मुलं हा पदार्थ तोंडातून बाहेर काढतात, ते चवीपेक्षा जिभेवर येणाऱ्या बुळबुळीत दाण्यांमुळे. दोन मुलांसाठी दोन छोटे चमचे चिया मिक्सरच्या लहान भांड्यात कोरडंच फिरवावं. उकळून गार केलेल्या अर्ध्या वाटी दुधात ते थोडं थोडं भुरभुरवत ढवळावं. दहा मिनिटांनी पुन्हा ढवळायचं, हे विसरू नये, कारण गुठळ्या होतात त्या याच वेळात. मग अर्धी वाटी गोड, घट्ट दही किंवा चक्का, आणि चमचाभर बदामाची किंवा भाजलेल्या शेंगदाण्याची बारीक पूड घालावी (ॲलर्जी नसेल तर). एवढ्याशा चियाने नुसतं जास्त दूध घट्ट होणार नाही, म्हणून चक्क्याची जोड हवी. दूध सायीसकट घ्यावं, दोन वर्षांखालच्या मुलाला मलई काढलेलं दूध देऊ नये. मोठ्यांच्या कृतीत बदामाचं दूध असतं. बाजारातल्या बऱ्याच बदाम-दुधात प्रथिनं नावालाच असतात, तेव्हा मुलाच्या वाटीत ते गाईच्या-म्हशीच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. आंब्याचा रस किंवा कुस्करलेला चिकू रात्रीच मिसळता येतो. केळं काळं पडतं, ते सकाळी घालावं. अननस, किवी आणि पपई कच्चीच दुधात रात्रभर ठेवली तर त्यांच्यातली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात आणि सगळं कडू होतं, म्हणून तीही आयत्या वेळी घालावीत.

आदल्या रात्री भिजवण्यात सोय आहेच, पण त्याहून मोठा भाग सुरक्षिततेचा आहे. २०१४ साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत एक उदाहरण मांडलं गेलं होतं. ३९ वर्षांच्या माणसाने चमचाभर कोरडं चिया गिळून वर पाणी प्यायलं आणि फुगलेल्या बियांनी त्याची अन्ननलिका अडली. मुलाची अन्ननलिका तर किती अरुंद! कोरडं चिया मुलाच्या वाटीवर कधीच भुरभुरवू नये आणि बरणी त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. पूर्ण फुगलेलं चिया हा धोका टाळतं, आणि फुगायला हवा असलेला वेळ रात्रीत आपोआप मिळतो.

गोड नसेल तर मूल खाणार नाही, हा आक्षेप घरोघरी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या पूरक आहाराबद्दल दिलेल्या मार्गदर्शनात जास्त साखरेचे पदार्थ देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. गूळ किंवा मध घातल्याने साखर टळत नाही, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध तर बॉट्युलिझमच्या भीतीने अजिबात द्यायचा नसतो. पिकलेला चिकू, हापूसचा रस, भिजवून वाटलेला एखादा खजूर एवढ्यात पुरेशी गोडी येते. शिवाय नवी चव मुलं लगेच स्वीकारत नाहीत. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर आल्यावर ती रुळते. पहिल्या नकाराला साखरेने उत्तर दिलं की मूल साखरच शिकतं.

दुसरा आक्षेप आजीचा, आणि तो हलका नाही: मुलाला शिळं का द्यायचं? दूध-दह्याचा पदार्थ उघड्यावर राहिला तर तो बिघडतो, ही तिची काळजी रास्त आहे. पण इथे प्रश्न वेळेपेक्षा तापमानाचा आहे. ५ अंश सेल्सियसच्या खाली जंतूंची वाढ बरीच मंदावते, आणि नाशवंत अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा नियम आहे. तेव्हा पुडिंग झाकणाच्या स्वच्छ, छोट्या डब्यांत वेगवेगळं भरावं, फ्रीजच्या दारात न ठेवता आत ठेवावं आणि दोन दिवसांत संपवावं. मुलाचा उष्टा चमचा लागलेला डबा परत ठेवू नये. जिथे वीज तासन् तास जाते, तिथे हा बेत करूच नये. उन्हाळ्यात शाळेच्या डब्यातही तो नको. मधल्या सुट्टीपर्यंत दही आंबतं आणि दोन तासांची मर्यादा केव्हाच उलटून जाते.

चियात लोह भरपूर असतं, असंही सांगितलं जातं. शंभर ग्रॅममागे ७.७ मिलिग्रॅम, हा आकडा बरोबर आहे, पण शंभर ग्रॅम कोण खातं? एका चमच्यात ०.३ मिलिग्रॅम येतं, आणि तेही दुधातल्या कॅल्शियममुळे आणि बीतल्या फायटिक आम्लामुळे पूर्ण शोषलं जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. हा प्रश्न इतका गंभीर आहे की तो पुडिंगच्या वाटीवर सोपवता येणार नाही. डाळ, पालेभाजी, अंडी, मासे, सोबत लिंबू किंवा पेरू, आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर लोहाचं औषध, ही त्याची वाट आहे. पुडिंगने दुपारच्या जेवणाची भूक मारली, तर नुकसान याच बाजूचं होईल.

राहिला प्रश्न परक्या बीचा. आपल्याकडे सब्जा आहे, अळीव आहे, जवस आहे, मग महागडं चिया कशाला? नसेल परवडत किंवा आवडत, तर घेऊच नये. फक्त एकाच्या जागी दुसरं सरळ घालता येत नाही. सब्जा काही मिनिटांत फुगतो, पण त्याचा थर प्रत्येक बीला वेगळा चिकटून राहतो, त्यामुळे फालुदा जमतो, पुडिंग बांधलं जात नाही. अळिवाला उग्र चव असते, म्हणून तो खिरीत शिजवलेलाच बरा. जवसात ओमेगा-३ चियाहूनही जास्त असतं. भाजून, बारीक पूड करून त्याचा अर्धा चमचा वापरता येतो. घट्टपणासाठी मात्र नाचणीचं सत्त्व घ्यावं. एक मोठा चमचा सत्त्व पाऊण वाटी दुधात गुठळ्या मोडत शिजवायचं, कोमट झालं की जवसाची पूड मिसळायची आणि डब्यात भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी ते घट्ट झालेलं असतं. दोन चमचे दूध घालून फेटावं आणि वर कुस्करलेलं केळं घालावं.