मामाने दिलं तर माफ, भाच्याने दिलं तर कर

मामाने भाच्याला पाच लाख रुपये दिले, तर त्यावर प्राप्तिकर नाही. तोच भाचा पुढे कमावता झाला आणि म्हाताऱ्या मामाच्या ऑपरेशनसाठी त्याने पाच लाख दिले, तर ते मामाचं उत्पन्न धरलं जातं. माणसं तीच, रक्कम तीच, मायाही तीच. पैसा फक्त उलट्या दिशेने गेला. छपाईची चूक वाटावी अशी ही गोष्ट, पण चूक नाही.

कायदा घेणाऱ्याच्या जागी उभा राहून विचारतो, देणारा तुझा कोण? त्यासाठी नातेवाइकांची एक यादीच दिली आहे. नवरा-बायको, स्वतःची आणि जोडीदाराची भावंडं, आई-वडिलांची भावंडं, स्वतःच्या आणि जोडीदाराच्या सरळ रेषेत वर आजी-आजोबा आणि खाली नातवंडं, शिवाय या सगळ्यांचे नवरे-बायका. भाच्याकडून पाहिलं तर मामा म्हणजे आईचा भाऊ, तो यादीत आहे. मामाकडून पाहिलं तर भाचा म्हणजे बहिणीचा मुलगा, तो नाही. काका-पुतण्या, आत्या-भाची, मावशी-भाचा, सगळीकडे हीच एकतर्फी वाट. चुलत, मामे, मावस भावंडांना तर यादीत जागाच नाही. यादीबाहेरच्यांकडून वर्षभरात मिळून 50,000 रुपयांपर्यंत चालतं, एक रुपया वर गेला की सगळी रक्कम करपात्र. लग्नातला आहेर आणि मृत्युपत्राने मिळालेला पैसा मात्र कोणाकडूनही आला तरी मोकळा.

आई-वडिलांनी मुलांना दिलेल्या पैशाला तर मर्यादाच नाही. पाच हजार द्या, पाच कोटी द्या, घेणाऱ्याला कर शून्य, देणाऱ्यालाही शून्य. एकच पथ्य, रोख देऊ नका. एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, मग देणारे सख्खे वडील का असेनात.

पूर्वी असं नव्हतं. 1953 मध्ये आपल्याकडे मृताच्या संपत्तीवर संपदा शुल्क आलं आणि त्याचा वरचा दर 85 टक्क्यांपर्यंत गेला. मग लोक जिवंतपणीच वाटून टाकतील, हे उघड होतं. 1958 मध्ये देणाऱ्यावर दानकर आला. संपदा शुल्क 1985 मध्ये गेलं, दानकर 1 ऑक्टोबर 1998 पासून बंद झाला, आणि 1 सप्टेंबर 2004 पासून सरकारने देणाऱ्याला सोडून घेणाऱ्याला धरलं. मधली जवळजवळ सहा वर्षं ना देणाऱ्याला कर, ना घेणाऱ्याला.

या इतिहासातून निघणारी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये वारसाकर आहे आणि दिल्यानंतर देणारा सात वर्षं जगला तरच ती रक्कम त्यातून पूर्ण सुटते. तिथे लवकर वाटण्यात हिशेब आहे. आपल्याकडे आज दिलं तरी कर शून्य आणि मृत्युपत्राने मागे ठेवलं तरी शून्य. म्हणजे ‘कर वाचेल, आत्ताच मुलांच्या नावावर करून टाका’ या सल्ल्याला आधारच नाही.

उलट कर वाढूही शकतो. समजा, आईने 30 लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. 2025 मध्ये तिथे 8.2 टक्के दर होता, म्हणजे दर तिमाहीला 61,500 रुपये आणि वर्षाला 2 लाख 46 हजार. तिला दुसरं उत्पन्न नसेल तर यावर एक पैसाही कर नाही. तेच 30 लाख तिने वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्या मुलाला दिले आणि त्याने मुदत ठेव केली, तर व्याजाच्या प्रत्येक लाखामागे उपकरासह 31,200 रुपये सरकारजमा. घराचा एकूण हिशेब मांडला तर पैसा आईकडेच असलेला बरा. काही हुशार मुलं तर उलटा रस्ता धरतात. स्वतःचा पैसा आईला भेट देतात, व्याज आईचंच धरलं जातं, आणि यात बेकायदा काही नाही.

पण सुनेची गोष्ट वेगळी. सासऱ्यांनी सुनेला 10 लाख दिले. ते घेताना तिला कर नाही. तिने 7 टक्क्यांनी ठेव केली, 70,000 रुपये व्याज आलं. ठेव तिची, पावती तिच्या नावावर, आणि व्याज सासऱ्यांच्या विवरणपत्रात! ते 70,000 तिने पुन्हा गुंतवले तर त्यावरचे 4,900 मात्र तिचे. आता हेच 10 लाख जावयाला द्या. व्याज जावयाचं, सासऱ्यांना काही लागत नाही. मुलाच्या बायकोचा पैसा घरातलाच आणि जावई परका, ही जुनी समजूत कायद्याच्या पोटात बसून आहे. 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा प्राप्तिकर कायदा जाऊन 2025 चा नवा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, सून होती तिथेच राहिली.

मुलगा न्यू जर्सीत असेल तर आणखी एक वळण. परदेशातून वर्षाला एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर तिथे ती कळवावी लागते. कर नाही, पण न कळवल्याचा दंड रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत चढतो.

इतकं सगळं करातच अडकून पडतं आणि खरा प्रश्न मागे राहतो, तो म्हणजे दिल्यानंतर देणाऱ्याचं काय? ‘नटसम्राट’ नाटकात सगळं मुलांना देऊन टाकणारे अप्पासाहेब आजच्या कायद्यासमोर उभे केले तर काय होईल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ती देणगी फसवणुकीने घेतली असं मानून रद्द करता येते. मालमत्ता म्हणजे फक्त घर-जमीन नव्हे, जंगम वस्तूही त्यात येतात. पण 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अट होती हे दिसलं पाहिजे. अप्पासाहेबांनी अट कुठे घातली होती? राजासारखं देऊन टाकलं. त्यांना दिलेलं परत मिळणं कठीण. निर्वाहभत्ता मागता आला असता, पण त्यालाही कायद्यात महिना 10,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे.

मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईने मात्र 2019 मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून देताना त्याच्याकडून एक वचनपत्र लिहून घेतलं होतं. शेवटपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर आईने परत घ्यावं. सांभाळलं नाही, असं तिचं म्हणणं. खालच्या अधिकाऱ्यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला, आणि 2 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिची मालमत्ता तिला परत दिली. त्या वचनपत्राला न्यायालयाने मोल दिलं.

पैशाचं दुखणं असं की तो खर्च होतो. घर परत मिळू शकतं, नातवाच्या फीमध्ये आणि गाडीच्या हप्त्यात गेलेली ग्रॅच्युइटी कुठून वसूल करणार? म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आजारपण आणि स्वतःचा महिन्याचा खर्च बाजूला काढून उरेल तेवढंच द्यावं, तेही टप्प्याटप्प्याने. बाकीचं मृत्युपत्रात लिहावं, ते कधीही बदलता येतं. आणि दिलंच, तर बँकेतून द्या आणि दोघांच्या सह्यांचं पत्र करा. रक्कम, तारीख, नातं, आणि ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ एवढे शब्द त्यात हवेत. मुलगा चांगला आहे म्हणून ते लिहायला लाजू नका. वेळ आलीच तर अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो, आणि स्वतः जाणं जमत नसेल तर तुम्ही नेमलेला माणूस किंवा संस्थाही तो करू शकते.