सराव-प्रश्नांचा खरा उपयोग : संगणक-जाळ्यांच्या परीक्षेवरून एक विवेचन

प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे कोणत्या विद्येच्या वाटेला लागेल, हे आधी सांगता येत नाही. कोणी शेती पाहतो, कोणी शिक्षक होतो, तर अलीकडे कोणी संगणकांची जाळी उभारण्याचे काम पत्करतो. कचेऱ्या, बँका, दवाखाने व शाळा यांतील संगणक एकमेकांस जोडणे आणि जोडणी बिघडली असता दोष नेमका कोठे आहे हे शोधून काढणे, असे या कामाचे स्वरूप आहे. या कामावर उमेदवार घेताना पुष्कळ ठिकाणी विशिष्ट परीक्षेचे प्रमाणपत्र पाहिले जाते. सिस्को या अमेरिकन कंपनीने १९९८ साली सुरू केलेली सीसीएनए ही परीक्षा त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

ही परीक्षा १२० मिनिटांची असून ती इंग्रजीतून द्यावी लागते. एकदा उत्तर देऊन पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परत येता येत नाही. शुल्क कित्येक हजार रुपयांचे असते आणि प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांची असते. खेड्यातून आलेल्या मुलाच्या घरी एवढी रक्कम सहजासहजी उभी राहत नाही. त्यामुळे एकदा नापास होणे म्हणजे केवळ एक संधी हुकणे नव्हे; घरच्यांच्या कष्टाचा पैसा वाया गेला, हे शल्यही त्याच्या मनाला लागते. या भीतीपोटी अनेक विद्यार्थी शेकडो सराव-प्रश्न मिळवितात आणि त्यांची उत्तरे पाठ करू लागतात. वाट चुकते ती येथेच. सराव-प्रश्न हे पाठांतराचे साहित्य नसून स्वतःचे अज्ञान शोधण्याचे साधन आहे. ते कसे, हे एका प्रश्नावरून स्पष्ट होईल.

एक प्रश्न व त्याचे चार पर्याय

एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.७७ असून मास्क २५५.२५५.२५५.२२४ आहे. त्याच जाळ्यातील दुसऱ्या संगणकास पुढीलपैकी कोणता पत्ता देता येईल?

(अ) १९२.१६८.१०.६४
(आ) १९२.१६८.१०.९०
(इ) १९२.१६८.१०.९५
(ई) १९२.१६८.१०.९६

टपालाच्या पत्त्यात जसे गाव व घर असे दोन भाग असतात, तसेच संगणकाच्या या पत्त्यातही असतात. गावाचा भाग कोठे संपतो आणि घराचा भाग कोठे सुरू होतो, हे मास्क सांगतो. मात्र ही हद्द पाहण्यासाठी आकडे द्विमान पद्धतीत मांडावे लागतात. दशमान पद्धतीत एकक, दहक, शतक अशी स्थाने असतात; द्विमान पद्धतीत उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४ व १२८ अशी आठ स्थाने येतात, आणि प्रत्येक स्थानी १ किंवा ० एवढेच लिहिता येते. स्थानिक किंमत शिकविणाऱ्या शिक्षकास ही कल्पना परकी वाटणार नाही.

मास्कमधील २५५ म्हणजे आठही स्थानी १. शेवटचा आकडा २२४ म्हणजे १२८, ६४ व ३२ यांची बेरीज, म्हणून तो १११०००००  असा लिहिला जातो. यातील पहिली तीन स्थाने गावाची आणि उरलेली पाच घराची. पाच स्थानांत ० व १ यांच्या ३२ वेगवेगळ्या मांडण्या होतात. म्हणून ही जाळी ०, ३२, ६४, ९६ अशा ३२-३२ च्या टप्प्यांनी सुरू होतात. ७७ हा आकडा ६४ ते ९५ या टप्प्यात पडतो.

या टप्प्यातील दोन पत्ते मात्र कोणाही संगणकास देता येत नाहीत. पहिला, म्हणजे ६४, हा त्या जाळ्याचीच ओळख दर्शवितो. शेवटचा, म्हणजे ९५, हा जणू दवंडीसाठी राखून ठेवलेला असतो. त्या पत्त्यावर पाठविलेला निरोप जाळ्यातील सर्व संगणकांना जातो. उरले ६५ ते ९४ असे ३० पत्ते. सबब (आ) हे उत्तर बरोबर ठरते.

चुकीच्या पर्यायांचे मोल

येथे थांबून पुढील प्रश्नाकडे वळणारा विद्यार्थी निम्मा लाभ गमावतो. उरलेले तीन पर्याय सहज सुचले म्हणून लिहिलेले नाहीत. प्रत्येकामागे एक विशिष्ट चूक दडलेली आहे. (अ) निवडणाऱ्यास टप्पा सापडला, पण पहिला पत्ता राखीव असतो याचा विसर पडला. (इ) निवडणाऱ्यास दवंडीचा पत्ता ठाऊक नाही. (ई) निवडणाऱ्याने टप्पा ० पासून मोजण्याऐवजी १ पासून मोजला, आणि तो ६५ ते ९६ असा धरला. तिघांचीही उत्तरे चुकली, परंतु तिघांना शिकावयाच्या गोष्टी निराळ्या आहेत. केवळ ‘आ’ हे अक्षर पाठ करणाऱ्यास यांपैकी काहीच कळत नाही. परीक्षेत ७७ च्या जागी १३० आले, की तो निरुत्तर होतो.

चुकांची वही

यास्तव सराव करणाऱ्याने एक स्वतंत्र वही ठेवावी. तीत प्रश्नाचा मथितार्थ, स्वतःचे उत्तर, त्यामागील कारण आणि चुकीचा प्रकार असे चार रकाने असावेत. कारण लिहावयाचे ते उत्तरपत्रिका पाहण्यापूर्वीच. चुकीचे प्रकार सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात.

१. मूळ कल्पनाच ठाऊक नसणे. अशा वेळी पुस्तकाकडे परत जावे.
२. रीत ठाऊक असून आकडेमोड चुकणे. यावर उपाय म्हणजे आकडे बदलून तशीच पाच उदाहरणे सोडविणे.
३. प्रश्न नीट न वाचणे. ‘नाही’ हा शब्द किंवा ‘दोन पर्याय निवडा’ ही सूचना नजरेतून सुटते. इंग्रजीत कच्चे असलेल्या विद्यार्थ्यांनी याविषयी विशेष दक्ष राहावे.
४. अंदाजाने दिलेले उत्तर बरोबर येणे. ही सर्वांत फसवी चूक होय. गुण मिळतो, पण ज्ञान मिळत नाही. असे उत्तर वहीत चूक म्हणूनच नोंदवावे.

वहीतील प्रश्न दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने, उत्तर झाकून सोडवावेत. या रीतीस प्रयोगाचा आधार आहे. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग स्मरत होता. वाचताना येते असे वाटणे निराळे आणि येणे निराळे.

परीक्षेनंतरची परीक्षा

फुटलेल्या प्रश्नांचे संच पैसे घेऊन विकणारेही असतात. अशा संचांचा वापर परीक्षेच्या नियमांविरुद्ध असून तो उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. पण याहून मोठी हानी पुढे होते. समजा, एखाद्या दवाखान्यातील नोंदणीचा संगणक जाळ्याशी बोलेनासा झाला आणि त्याचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होताना दिसला. ज्याने कारणे समजून घेतली आहेत तो जाणतो की, पत्ते वाटून देणाऱ्या यंत्रणेकडून उत्तर न आल्यामुळे संगणकाने हा पत्ता स्वतःच घेतला आहे. तो प्रथम तार पाहील, नंतर स्विच आणि मग पत्ते वाटणारी यंत्रणा. ज्याने केवळ अक्षरे पाठ केली आहेत त्याच्यासमोर येथे चार पर्याय नसतात, आणि बाहेर रुग्णांची रांग वाढत असते.

म्हणून सरावास प्रत्यक्ष कृतीची जोड हवी. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या विनामूल्य प्रणालीत पडद्यावर जाळे मांडून पाहता येते. वरील प्रश्नातील पत्ते तेथे देऊन पाहिल्यास ६४ व ९५ हे पत्ते का चालत नाहीत, हे डोळ्यांनी दिसते.

प्राथमिक शिक्षकांचे कार्य

या विद्येचा पाया प्राथमिक शाळेतच घातला जातो. स्थानिक किंमत समजून शिकलेल्या मुलास द्विमान पद्धती जड जात नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती कारण विचारण्याची सवय. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेताना शिक्षकांनी ‘उत्तर काय?’ एवढ्यावर न थांबता ‘उरलेले तीन पर्याय का नव्हेत?’ असेही विचारावे. दिवसाला दहा प्रश्नांऐवजी तीनच झाले तरी चालतील; पण त्या तिहींचा पूर्ण विचार व्हावा. फळ्यावर आलेल्या चुकीच्या उत्तरास हसू न देता, ते कोणत्या विचारातून आले हे वर्गाने मिळून शोधावे.

गावातील एखादा माजी विद्यार्थी अशा परीक्षेची पुस्तके घेऊन गुरुजींकडे आला, तर गुरुजींना राउटर व स्विच यांचे ज्ञान नाही म्हणून त्यांनी संकोच करण्याचे कारण नाही. त्याच्यासमोर बसून प्रत्येक उत्तरानंतर ‘का?’ एवढाच प्रश्न त्यांनी विचारावा. विद्यार्थी जेथे अडखळेल, तेथून त्याचा त्या दिवसाचा अभ्यास सुरू होईल.