दोन हातांमधली घासणी

तंतुवाद्याला पॉलिशचा एक हात दिला की तो सुकवून, घासून, पुसूनच दुसरा द्यावा लागतो. सतार, तंबोरा, वीणा यांची तकाकी बरीचशी या मधल्या कामावर ठरते. महाराष्ट्रात या कारागिरीचे मोठे केंद्र मिरज. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तिथे हा धंदा उभा केला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नांदेड, लातूरकडे मात्र या कामाची गरज जास्त पडते ती जुन्या वाद्यांच्या दुरुस्तीत, विशेषतः हरिनाम सप्ताहात पहाऱ्याने दिवसरात्र गळ्यात राहणाऱ्या वीणेसाठी.

पारंपरिक पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. लिटरभर स्पिरिटला साधारण पाव किलो चपडा घेतला तर पातळ, हाताळायला सोपे पॉलिश होते. लाखेचा नवा हात खालच्या हाताला किंचित विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात. त्यामुळे इथे घासायचे ते थर चिकटावा म्हणून नव्हे, तर पृष्ठभाग सपाट व्हावा म्हणून. व्हायोलिनवरच्या तेलाच्या व्हार्निशची गोष्ट वेगळी. ते एकदा पक्के झाले की विरघळत नाही, म्हणून पुढच्या थराला धरायला बारीक ओरखडे लागतात.

पहिल्या हाताने लाकडाचे सुटे तंतू ताठ होतात आणि बोटांना खरखर लागते. 320 नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने हलका फिरवला की ते कापले जातात. पुढच्या हातांना 400, मग 600. हात सुकला की नाही, हे कागदच सांगतो. पांढरी, कोरडी पूड निघाली तर काम चालू ठेवावे. कागदावर चिकट गोळ्या जमल्या तर थांबावे, नाहीतर त्याच गोळ्या नवे ओरखडे पाडतात. घासताना पाणी वापरू नये, लाख पांढरी पडते. निघालेली पूड मऊ, कोरड्या फडक्याने पुसून काढावी. स्पिरिटचे फडके थरच उचलून नेते.

वाद्याच्या भोपळ्यावर खरी परीक्षा असते. गोल पृष्ठभागावर लाकडी ठोकळा चालत नाही. घडी केलेला कागद तळव्याखाली धरून फिरवावा लागतो. उंचवट्यावर पॉलिश आधीच पातळ बसलेले असते. तिथे दोन घास जास्त झाले की रंगीत थर निघून खालची फिकट साल दिसू लागते, आणि तो डाग शेजारच्या छटेत मिसळवणे फार कठीण. म्हणून उंचवटे सोडून आधी बाजू घासाव्यात, उंचवट्यावर कागद फक्त टेकवावा. कोरीव पानांमध्ये नवा कागद घालूच नये, झिजलेला, मऊ पडलेला तुकडा पुरतो. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, तर पॉलिश कमीत कमी असावे. जाड थराचे वजन तिच्या कंपनांना अडवते, त्यामुळे घासून थर पातळ राखणे हा नादाचाही प्रश्न आहे.

हवामान फार महत्त्वाचे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात स्पिरिट इतके झपाट्याने उडते की पॉलिश लावायचा बोळा अडखळतो आणि रेघा उठतात. तेव्हा सकाळी लवकर काम करावे. पावसाळ्यात उडणारे स्पिरिट पृष्ठभाग गार करते, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि पांढुरकी झाक येते. अशा थराला घासून वरून नवा हात देण्यापेक्षा कोरड्या दिवसाची वाट पाहणेच शहाणपणाचे.

जुन्या वीणेवर घाम, तेल, बुक्का, अष्टगंध यांचा थर असतो. तो आधी काढला नाही तर कागद त्यालाच लाकडात दाबतो. तो काढल्यावर झाकलेल्या जागी स्पिरिटचा थेंब टाकून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर लाख आहे, हलके घासून थेट नवा हात देता येतो. काहीच झाले नाही, तर कुणीतरी मध्ये बाजारातले आधुनिक पॉलिश मारले आहे. त्यावर लाख धरावी यासाठी सगळा पृष्ठभाग नीट मंद होईपर्यंत घासावा लागतो, किंवा ते पॉलिश पूर्ण उतरवावे लागते. शेवटच्या हातानंतर मात्र कागदाला हात न लावता वाद्य काही दिवस सावलीत, धुळीपासून दूर ठेवतात आणि त्यानंतरच तारा चढवतात.