समुद्र सोडून वाळवंटात : स्वस्त घराचा पुरता हिशेब

लॉस एंजेलिस ते लास व्हेगस हे अंतर सुमारे ४३५ किलोमीटरचे. शहराची वस्ती मागे पडली की रस्ता डोंगरातील खिंड चढू लागतो आणि खिंड ओलांडताच मोहावेचे वाळवंट सुरू होते. प्रशांत महासागरावरून येणारा गार वारा डोंगराच्या अलीकडेच थांबतो. पलीकडे उरतात खुरटी झुडपे, तापलेले खडक आणि क्षितिजापर्यंत गेलेला सरळ रस्ता. पूर्वी या रस्त्याने लोक शनिवार-रविवारच्या मौजेसाठी जात. आता त्यांच्या जोडीला घरसामान भरलेले ट्रकही दिसतात. नेवाडात स्थायिक होण्यासाठी बाहेरून येणाऱ्यांत कॅलिफोर्नियातून आलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. पूर्वेकडे ॲरिझोनातील फिनिक्सची वाट धरणारेही कमी नाहीत. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या त्या राज्याच्या इतिहासात प्रथमच घटल्याची नोंद २०२० मध्ये झाली आणि पुढील दोन वर्षेही ती घटत राहिली.

समुद्रकाठचे महानगर सोडून वाळवंटातील शहरात जाणे हा वरवर पाहता घराच्या किमतीचा साधा हिशेब वाटतो. घराची किंमत करारपत्रावर लिहिलेली असते. उन्हाची आणि पाण्याची किंमत मात्र तिथे लिहिलेली नसते आणि ती घर बदलल्यानंतरच कळू लागते.

निघण्याची कारणे

पहिले कारण अर्थातच घर. लॉस एंजेलिसमध्ये जे घर मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेले आहे, तशाच आकाराचे घर लास व्हेगसमध्ये साधारण निम्म्या किमतीत मिळू शकते. दुसरे कारण कराचे. केंद्राचा प्राप्तिकर सर्वत्र सारखाच असला, तरी राज्यांचा कर वेगवेगळा आहे. कॅलिफोर्नियात वरच्या उत्पन्न गटाला राज्याचा कर १३.३ टक्क्यांपर्यंत भरावा लागतो. ॲरिझोनात २०२३ पासून तो सरसकट अडीच टक्के आहे, तर नेवाडात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा करच नाही. तिसरे कारण अलीकडचे आहे. जंगलांतील वणवे शहराच्या वेशीवर येऊ लागल्याने काही मोठ्या विमा कंपन्यांनी कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे उतरवणे थांबवले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात लागलेल्या वणव्यांत सोळा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्यानंतर ‘इथे राहायचे की नाही’ हा प्रश्न अनेक घरांत नव्याने विचारला गेला.

ही कारणे खरी आहेत. पण परतीच्या वाटेचा विचार फारसा कोणी करत नाही. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये झालेल्या सार्वमतानुसार घरावरील मूळ कर खरेदीच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास राहतो आणि करासाठी धरलेली घराची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. त्यामुळे तीस वर्षांपूर्वी घर घेतलेला माणूस आजही जुन्या किमतीच्या जवळपासचा कर भरतो. ते घर विकून तो राज्याबाहेर गेला आणि पाच वर्षांनी परत आला, तर त्याला नव्या किमतीचे घर घ्यावे लागते आणि करही नव्या किमतीवर भरावा लागतो. शिवाय कॅलिफोर्नियातील घर भाड्याने देऊन नेवाडात राहणाऱ्याला त्या भाड्यावरील कॅलिफोर्नियाचा कर चुकत नाही. थोडक्यात, जाण्याचा खर्च दिसतो, परतण्याचा दिसत नाही.

कोरडे ऊन

सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर जुलैतही दुपारचे तापमान सहसा पंचविशीच्या आसपासच असते. लास व्हेगसमध्ये जुलैचे सरासरी कमाल तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. ७ जुलै २०२४ रोजी तिथे ४८.९ अंशांचा उच्चांक नोंदला गेला. ‘पण ऊन कोरडे आहे’ असे तिथे जाणाऱ्यांना हमखास सांगितले जाते. हे म्हणणे अर्धे खरे आहे.

मुंबईकर मे महिन्यात नागपूरला गेला की त्याला याचा अनुभव येतो. मुंबईत तापमान ३४ असले तरी अंगावरचा घाम वाळत नाही आणि जीव नकोसा होतो. नागपुरात ४४ अंशांतही अंग कोरडे राहते, कारण घाम येताक्षणी उडून जातो आणि जाताना शरीराची उष्णता घेऊन जातो. धोका नेमका इथेच आहे. घाम दिसत नाही, म्हणून शरीरातील पाणी किती गेले ते कळत नाही. तहान लागते तेव्हा उशीर झालेला असतो. समुद्रकाठच्या सवयीने दुपारी फिरायला किंवा डोंगर चढायला निघालेले नवखे लोक म्हणूनच फसतात.

कूलरचेही तसेच. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर विदर्भात जसा उपयोगी पडतो, तसाच पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलर ॲरिझोनातही पूर्वी घरोघरी असे. पण या वाळवंटालाही मान्सून आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात दक्षिणेकडून दमट हवा येते, वादळी सरी कोसळतात, कोरड्या ओढ्यांना अचानक पूर येतो आणि त्या दिवसांत कूलर निकामी ठरतो. मग वातानुकूलन यंत्राला पर्याय उरत नाही आणि उन्हाळ्यातील विजेचे बिल समुद्रकाठी कधी पाहिले नसेल एवढे येते.

पूर्वी वाळवंटातील रात्र गार असे. डांबर, काँक्रीट आणि यंत्रांतून बाहेर पडणारी गरम हवा यांमुळे मोठ्या शहरांत तो दिलासाही कमी झाला आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस तापमान ४३.३ अंशांवर (म्हणजे तिकडच्या मोजमापात ११० अंशांवर) गेले. १९ जुलै रोजी तर पहाटेचे किमान तापमानही ३६ अंशांखाली उतरले नाही. त्या वर्षी फिनिक्स ज्या परगण्यात आहे, त्या मॅरिकोपा परगण्यात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यांत बेघरांची संख्या मोठी होती. घरात दगावलेल्यांपैकी अनेकांकडे यंत्र होते, पण ते बंद पडलेले होते. वाळवंटातील शहरात वातानुकूलन ही चैन नसते. पाण्याच्या नळाइतकीच ती जगण्याची गरज असते, आणि ते यंत्र बिघडले तर दुरुस्तीसाठी पैसे हाताशी असणे हीदेखील.

एकाच नदीचे पाणी

समुद्रकाठाहून वाळवंटात जाणाऱ्याला वाटते, की आपण पाण्याच्या शहरातून बिनपाण्याच्या शहरात चाललो आहोत. वस्तुस्थिती वेगळी आहे. लॉस एंजेलिसमध्ये वर्षाला सरासरी ३६ सेंटीमीटर पाऊस पडतो, लास व्हेगसमध्ये जेमतेम दहा. दोन्ही शहरे आपल्या पावसावर जगत नाहीत. लॉस एंजेलिसने १९१३ मध्ये पौने चारशे किलोमीटरचा कालवा खोदून ओवेन्स खोऱ्यातील पाणी शहरात आणले. त्या खोऱ्यातील तलाव पुढे कोरडा पडला आणि त्याच्या तळाची धूळ कित्येक दशके उडत राहिली. तेही पाणी पुरेना, तेव्हा १९४१ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी वाळवंट ओलांडून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे येऊ लागले. लास व्हेगसचे सुमारे ९० टक्के पाणी त्याच कोलोरॅडो नदीचे आहे आणि फिनिक्सच्या नळालाही तिचे पाणी येते. सामान बांधून निघालेला माणूस म्हणजे बहुतेक वेळा त्याच नदीच्या एका नळावरून दुसऱ्या नळावर जात असतो.

फरक आहे तो हक्काचा. कृष्णेच्या पाण्यावरून राज्याराज्यांत चाललेला तंटा ठाऊक असलेल्या वाचकांना हे लगेच उमजेल. कोलोरॅडोचे वाटप १९२२ चा करार आणि १९२८ चा कायदा यांनी झाले. खालच्या खोऱ्यातील राज्यांपैकी कॅलिफोर्नियाला वर्षाला सुमारे १९२ टीएमसी, ॲरिझोनाला १२२ टीएमसी आणि नेवाडाला अवघे १३ टीएमसी पाणी मिळाले. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतील चार धरणांची एकत्रित क्षमता २९ टीएमसीच्या आसपास आहे. नेवाडाचा वर्षाचा वाटा तिच्या निम्म्याहूनही कमी. याचे कारण सरळ आहे. १९३० च्या जनगणनेत लास व्हेगसची वस्ती जेमतेम पाच हजार होती. तिथे एक दिवस वीस लाखांहून अधिक माणसे राहतील, असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. शिवाय ज्या वर्षांच्या प्रवाहावरून हे वाटप ठरले ती वर्षे चांगल्या पावसाची होती. नदीत एरवी नसते तेवढे पाणी कागदावर वाटले गेले.

ॲरिझोनाची गोष्ट आणखी निराळी. फिनिक्सकडे जाणाऱ्या कालव्याला १९६८ मध्ये मंजुरी मिळाली ती एका अटीवर : टंचाई आली तर कॅलिफोर्नियाच्या आधी या कालव्याचे पाणी तुटेल. ती वेळ पुढे आली. हूवर धरणामागील मीड जलाशय कोयनेच्या शिवसागराहून दहापटींहून मोठा आहे. तो इतका आटला की ऑगस्ट २०२१ मध्ये टंचाई प्रथमच अधिकृतपणे जाहीर झाली. २०२२ साठी ॲरिझोनाच्या वाट्यात सुमारे १८ टक्के आणि नेवाडाच्या वाट्यात सुमारे ७ टक्के कपात झाली. कॅलिफोर्नियाच्या वाट्याला त्या वेळी हात लागला नाही. म्हणजे लॉस एंजेलिस सोडून फिनिक्सला जाणारा माणूस पाण्याच्या बाबतीत थोरल्या भावाच्या घरातून धाकट्याच्या घरात जातो. टंचाईच्या काळातील वाटपासाठी २००७ मध्ये केलेले नियम २०२६ पर्यंतचेच असल्याने वाट्याचा हा वाद इतक्यात मिटणारा नाही.

हिशेब ठेवणारे शहर

असे असूनही पाण्याच्या काटकसरीचा धडा लास व्हेगसकडूनच घ्यावा लागेल. घरात वापरलेले जवळजवळ सर्व पाणी तिथे शुद्ध करून मीड जलाशयात परत सोडले जाते. जेवढे परत जाते, तेवढे पुन्हा उचलण्याची मुभा शहराला आहे. म्हणून आंघोळीचे पाणी हिशेबात फारसे धरले जात नाही. हिरवळीवर फवारलेले पाणी मात्र हवेत जाते आणि कायमचे खर्ची पडते. त्यामुळे २००३ पासून नव्या घरांपुढे हिरवळ लावण्यास बंदी आली आणि जुनी हिरवळ काढणाऱ्यांना पैसे दिले जाऊ लागले. दुभाजकांवर आणि कार्यालयांपुढे केवळ शोभेसाठी असलेल्या हिरवळीला नदीचे पाणी देण्यास २०२६ नंतर मनाई करणारा कायदाही २०२१ मध्ये झाला. २००२ नंतर या खोऱ्यात सात लाखांहून अधिक माणसे वाढली, तरी नदीच्या पाण्याचा खर्च तेव्हाच्यापेक्षा कमी झाला आहे.

याउलट उदाहरण फिनिक्सजवळचे आहे. स्कॉट्सडेल शहराच्या हद्दीबाहेर रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. मोकळी जमीन, डोंगराचे दृश्य आणि बेताची किंमत पाहून लोकांनी तिथे घरे बांधली. ॲरिझोनाच्या १९८० च्या कायद्यानुसार फिनिक्स परिसरात नवी वसाहत उभारताना शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. पण सहापेक्षा कमी भूखंड पाडले तर ही अट लागू होत नाही. त्या पळवाटेतून ही वस्ती वाढली. शेकडो घरे स्कॉट्सडेलमधून येणाऱ्या टँकरवर अवलंबून होती. शहराने आपल्याच नागरिकांसाठी पाणी राखून ठेवायचे ठरवले आणि १ जानेवारी २०२३ पासून हा पुरवठा बंद केला. लाखो डॉलरच्या घरांत लोक पावसाचे पाणी साठवू लागले, कागदी ताटल्यांत जेवू लागले. अखेर राज्य विधिमंडळाला कायदा करून तात्पुरती सोय करावी लागली. आपल्याकडे टँकरच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या वसाहतींत राहणाऱ्यांना ही कथा परकी वाटणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये, केवळ भूजलावर विसंबलेल्या नव्या वसाहतींना फिनिक्स परिसरात यापुढे परवानगी मिळणार नाही, असे राज्याने जाहीर केले.

जाण्यापूर्वी

वाळवंटातील शहरात जाऊ नये, असा याचा अर्थ नाही. समुद्रकाठी भूकंप आणि वणवे आहेत, इथे ऊन आणि टंचाई आहे. निर्धोक गाव कुठेच नाही. रोजगाराचा भाग मात्र लक्षात ठेवावा. लास व्हेगसचे पोट पर्यटनावर चालते. २००६ नंतरच्या पडझडीत तिथल्या घरांच्या किमती साठ टक्क्यांच्या आसपास घसरल्या आणि एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी तीस टक्क्यांच्या पुढे गेली. स्वस्त घराच्या किमतीत हा धोकाही धरलेला असतो.

म्हणून जाणाऱ्याने घर पाहण्यासाठी जानेवारीतील सुखद दिवस निवडू नये. जुलैच्या अखेरीस जावे, दुपारी चार वाजता त्या गल्लीतून दहा मिनिटे चालावे आणि रात्री अकराला पुन्हा बाहेर पडून हवा किती निवली ते पाहावे. वातानुकूलन यंत्र किती वर्षांचे आहे आणि मागच्या ऑगस्टचे विजेचे बिल किती आले, ते विचारावे. शाळा आणि बाजार यांच्या आधी एक प्रश्न विचारावा : या नळाला पाणी कोणाच्या हक्काचे येते आणि टंचाईत ते कितव्या क्रमांकावर तुटते? लॉस एंजेलिसमध्ये राहताना हा प्रश्न विचारण्याची वेळ सहसा येत नाही. वाळवंटात मात्र त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज करारावर सही करू नये.